घन, द्रव, वायू की आज्ञावली?

पदार्थाच्या तीन अवस्था आपण वर्गात शिकवतो. त्याच तिन्ही मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये भेटल्या, तेव्हा जरा गंमत वाटली. ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या करताना हा कायदा म्हणतो, की ते वायू, द्रव किंवा घन अवस्थेत असू शकते. सदोष उत्पादनाने इजा झाल्यास भरपाई कुणी द्यायची, हे सांगणारे प्रकरण याच व्याख्येवर उभे आहे.

प्रेशर कुकर, खोकल्याचे औषध, गॅसचे सिलिंडर यांना ती चपखल बसते. पण केर काढणाऱ्या यंत्रमानवाचे काय? त्याचे धड घन आहे खरे. परंतु तो आजींच्या पायांत आला, तर चूक बहुधा धडाची नसते, आज्ञावलीची असते. आणि ती कदाचित आदल्या रात्रीच इंटरनेटवरून बदललेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात, तबकडीवर विकली जाणारी तयार आज्ञावली हा ‘माल’ आहे असे ठरवले होते, पण तो प्रश्न विक्रीकराचा होता.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच आहे. निर्मितीतील दोष, आराखड्यातील दोष असे प्रकार कलम ८४ मध्ये दिले आहेत. तो दोष दाखवायचा ग्राहकाने. कुकरची झडप तपासून घेता येते. उदाहरणांवरून शिकलेल्या यंत्रात मात्र लाखो आकडे असतात आणि ते कुणी हाताने लिहिलेले नसतात. त्यांतल्या नेमक्या चुकीवर बोट ठेवणे बनवणाऱ्यालाही कठीण. आजींनी ते कसे ठेवावे?

युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने १९८५ च्या जुन्या निर्देशाची जागा घेतली. तो ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या उत्पादनांसाठी आहे. त्यात आज्ञावलीला सरळ उत्पादन म्हटले आहे. तांत्रिक गुंतागुंतीमुळे पुरावा देणे फारच अवघड असेल आणि दोषाची शक्यता दाखवता आली, तर न्यायालय दोष गृहीत धरते. तो खोडून काढायचा निर्मात्याने. आपल्याकडे हे यायला हवे.

मात्र एक पळवाट तिथेही उरली आहे. तेव्हाच्या विज्ञानाला हा दोष कळणे शक्यच नव्हते, असे सिद्ध केले की निर्माता सहसा सुटतो. शिकणारे यंत्र केव्हा कसे वागेल हे आधी सांगता येत नाही, असे आम्ही संशोधकच निबंधांतून लिहीत असतो. उद्या निर्मात्याचा वकील तेच निबंध न्यायालयात वाचून दाखवील.