कॉफीच्या पाकिटावरचे इवलेसे छिद्र

ताज्या भाजलेल्या कॉफीचे पाकीट हाती आले की आपली नजर आधी मळ्याच्या चित्राकडे, चिकमगळूर किंवा कूर्ग अशा ठसठशीत अक्षरांकडे जाते. त्या अक्षरांच्या थोडे वर गुंडीएवढा एक गोल उंचवटा असतो आणि त्याच्या मध्यावर बारीकशी छिद्रे असतात, तिकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. आपण पाहू या. पाकीट दोन्ही तळव्यांत धरून अलगद दाबावे आणि नाक त्या छिद्रांशी न्यावे. आतल्या दाण्यांचा खमंग, किंचित गोडसर, गुळाच्या पाकाकडे झुकणारा परिमळ एका फुंकरीसरशी बाहेर येतो. आता तळवे सैल करावेत. पाकीट पुन्हा फुगत नाही, चेपलेलेच राहते. आतले बाहेर आले, बाहेरचे आत गेले नाही: रसिकाने जिथे रेंगाळावे अशी जागा हीच.

हे छिद्र का लागते, याचे उत्तर भट्टीत आहे. कच्च्या हिरवट दाण्याला गवताइतपतच वास; पण दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढची आच लागली की त्यातली शर्करा आणि अमिनो आम्ले एकमेकांत मिसळून शेकडो गंधद्रव्ये जन्माला येतात आणि त्यांच्या जोडीने कार्बन डायऑक्साइडही तयार होतो. दाण्याच्या सूक्ष्म पेशींत कोंडलेला हा वायू भट्टीतून उतरल्यावरही दिवसचे दिवस झिरपत राहतो, किलोभर दाण्यांतून काही लिटर तरी निघतो, आणि दाणा जितका गडद भाजलेला तितकी त्याची घाई अधिक. पाकीट घट्ट मिटवले तर ते फुगून शिवणीतून उसवते. उघडे ठेवावे, तर प्राणवायू आत शिरून दाण्यातल्या तेलाला खवटपणा आणतो आणि त्याच्याही आधी, भाजलेपणाचा पहिला ताजा दरवळ ज्यांच्यामुळे येतो ती गंधकयुक्त नाजूक द्रव्ये हिरावून नेतो.

या पेचावर जुन्या काळी डबा हे उत्तर होते. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी कॉफी निर्वात डब्यात बंद केली. मात्र डबा फुगू नये म्हणून कॉफीतला वायू आधी निघून जाऊ द्यावा लागे, आणि वायू जाताना थोडा सुगंधही घेऊन जाई. त्रिएस्ते बंदरात १९३३ साली फ्रांचेस्को इली यांनी कॉफीचा उद्योग उभारला आणि डब्यातली हवा काढून तिच्या जागी निष्क्रिय वायू दाबाखाली भरण्याची रीत आणली. डबा त्या दाबाला पुरून उरतो, दाबामुळे गंधद्रव्ये दाण्यातल्या तेलातच मुरून राहतात, आणि असा डबा उघडतानाचा तो सुस्कारा ज्याने ऐकला आहे त्याला कॉफीची पहिली चव कानांनी लागते. मला मनापासून वाटते, की कॉफीसाठी याहून देखणे घर अजून बांधले गेलेले नाही. पण ते जड आहे, महाग आहे, छोट्या भट्टीवाल्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणूनच १९६०च्या दशकात इटलीतल्या लुइजी गोलियो यांनी साध्या पिशवीला बसवलेल्या झडपेचे अप्रूप वाटते. रिकामे पाकीट आतून उलटे करून ती जवळून पाहावी. पिशवीच्या आतल्या बाजूला वितळवून चिकटवलेली प्लॅस्टिकची छोटी चकती, तिच्या तळाला भोके, भोकांवर कॉफीचा चुरा अडवणारा गाळणकागद, आणि या सगळ्यावर पहुडलेला रबराचा पातळ पापुद्रा. पापुद्र्याखाली तेलाचा नावापुरता थर असतो. ओल्या काचेवर काच चिकटून बसावी तसा त्या तेलामुळे पापुद्रा बैठकीला घट्ट धरून राहतो. आत वायू साचला, दाब किंचित वाढला, की पापुद्रा केसभर उचलला जातो, वायू निसटतो, दाब उतरतो आणि तेल त्याला पुन्हा खाली ओढून घेते. ना स्प्रिंग, ना बिजागरी. दाण्याचाच उच्छ्वास दार उघडतो आणि तो सरला की दार मिटते. रचनेला आणखी कशाची गरजच पडत नाही.

या झडपेला साथ असते ती भिंतींची. चांगल्या पाकिटाचा कोपरा कातरून चिमटीत चोळला तर थर उलगडू लागतात: बाहेर छपाई मिरवणारा कागद किंवा पॉलिएस्टर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा तलम वर्ख आणि सर्वांत आत तापवले की एकजीव होणारे पॉलिथिलीन. प्राणवायू, दमट हवा आणि उजेड या तिघांनाही थोपवतो तो मधला वर्ख. भरताना नायट्रोजन सोडून आतला प्राणवायू जेमतेम एक-दोन टक्क्यांवर आणला, की दाणे कित्येक आठवडे टवटवीत राहतात. बाहेरून खाकी, साधीसुधी दिसणारी पिशवी मनाला भावते खरी, पण आत वर्ख किंवा तशाच ताकदीचा पडदा नसेल तर तो साधेपणा दाण्यांच्या कामाचा नाही. काचेची बरणी आणि खिडकीची पिशवीही मला म्हणूनच पटत नाही. डोळ्यांचे सुख होते, सुगंधाला उजेडाची झळ बसते. वर्खाच्या पाकिटाचीही एक बोच आहेच: एकजीव झालेले थर सुटे करणे अवघड, त्यामुळे त्याचा पुनर्वापर डब्याइतका सहज होत नाही.

माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात मात्र वेगळाच न्याय चालतो. तिथे दाणे आपल्यासमोर दळले जातात, सगळा रस्ता घमघमतो, आणि पावडर गरम असतानाच पुडीत बंद होते. दळताक्षणी दाण्यातला बराचसा वायू उडून जातो, म्हणून तिथे झडपेचे काम थोडेच उरते; आठवडाभरात संपणाऱ्या पावडरीला झडपेविनाची घट्ट मिटलेली पुडीही शोभते. त्यात चिकोरी असेल तर ओलाव्याला अधिक जपावे, कारण चिकोरी हवेतले पाणी झटकन ओढून घेते आणि पावसाळ्यात पावडरीच्या गुठळ्या होतात.

तेव्हा पुढच्या खेपेला पाकीट निवडताना आधी ते उलटे करून कॉफी भाजल्याची तारीख शोधा, मग झडप आणि वर्ख पाहा. किलोमागे स्वस्त पडते म्हणून मोठे पाकीट घेऊ नका. पंधरवड्यात संपेल एवढेच घ्या, दाणेच घ्या, लागतील तसे दळा. दर वेळी आतली हवा दाबून काढून तोंड घट्ट बंद करा आणि पाकीट अंधाऱ्या, कोरड्या फडताळात ठेवा. फ्रिजमध्ये, चिरलेल्या कांद्याच्या शेजारी, मुळीच नको.