झाकण उचलून बघा: मिठाची झिलई आणि आपली बरणी

आज बोलायचंय ते सॉल्ट ग्लेझ, म्हणजे मिठाची झिलई दिलेल्या हातघडणीच्या भांड्यांबद्दल. प्रदर्शनात अशा भांड्यांखाली 'ऐतिहासिक परंपरेतून प्रेरित' अशी चिठ्ठी दिसते. माझा प्रश्न साधा आहे. कोणती परंपरा, आणि ती भांड्यात नेमकी कुठे आहे?

भट्टी १२०० अंश सेल्सियसच्या वर गेली की तीत मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकाशी जुळतं आणि भांड्याच्या अंगावरच काच तयार होते. संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. बोटाची रेघ, चाकावरचा वळसा, काही लपत नाही. (धूर मात्र आम्लाचा असतो. त्यामुळे कित्येक कुंभारकलाकार आता मिठाऐवजी सोडा वापरतात.)

हे तंत्र जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठचं. आपल्याकडे ते लोकांना भेटलं ते गटाराच्या तपकिरी पाइपांवर. हसू नका, बंगालात राणीगंजला बर्न कंपनी असे पाइप बनवत असे. आपल्या जिल्ह्यातही झिलई जुनी आहे, पण ती भिंतीवरची. दौलताबादच्या किल्ल्यात चिनी महालावर निळ्या फरश्यांचे अवशेष आहेत. माठाला झिलई चालतच नाही, तो पाझरला तरच पाणी गार. शिवाय माठाची लोहयुक्त माती एवढा ताप सोसत नाही, भांडं बसतं. म्हणजे या कामाला माती बाहेरून आणावी लागते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त चिठ्ठीवर 'इथल्या मातीतून' असं लिहू नये.

मग परंपरा आणायची कुठून? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने एक वाट चोखाळली होती. जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या आणि ती नक्षी शाळेच्या भांड्यांवरही उतरली. देखणं काम आहे, मला आवडतं. पण तिथे अजिंठा भांड्यावर रंगवलेला आहे. तीच नक्षी सुरईवरून ताटावर नेली तरी काही बिघडत नाही. मिठाच्या भट्टीत ही सोय फारशी नाही. कोबाल्टच्या निळ्यासारखे मोजकेच रंग तिथे तग धरतात. इथे इतिहास यायचा तर घाटातून यावा लागतो.

आणि तो घाट आपल्या फडताळातच आहे. लोणच्याची बरणी! कारखान्यातली, बहुतेक वेळा वेगळ्या झिलईची, कबूल. पण तिची मान बघा, दादऱ्याची दोरी घसरत नाही. तोंड पळी आत जाईल एवढं.

आता स्टुडिओतल्या बरण्या बघतो तेव्हा मी आधी झाकण उचलतो. मिठाची वाफ अरुंद तोंडातून आत नीट पोचत नाही, म्हणून आतल्या बाजूला वेगळी झिलई आधीच द्यावी लागते. ती दिलेली नसेल तर बाहेरून सुंदर तपकिरी चमक आणि आत कोरडं, खरबरीत अंग. तेल-मसाला तिथे चिकटून बसतो, घासून निघत नाही. अशा भांड्याला मी बरणी म्हणणार नाही, शोभेची वस्तू म्हणेन आणि त्या हिशेबाने तिची किंमत ठरवेन.

काही जण आतली झिलई मन लावून करतात, झाकणही घट्ट बसवतात, पण तोंड इतकं अरुंद ठेवतात की धुताना हात आत जात नाही. त्यांच्याशी माझा वाद चालूच आहे. प्रश्न असतील तर घेऊ या.