ख्रिस्तपुराणातील गुरू आणि श्रोता : दोन साष्टींच्या संदर्भात

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासात बहुधा एकाच कारणाने होतो. त्यातील मराठी भाषेची स्तुती विद्यार्थ्यांना पाठ असते. त्या ओव्यांच्या मागेपुढे असलेला सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मात्र अपरिचितच राहतो. एका परदेशीय धर्मोपदेशकाने मराठीचा गौरव केला, या अभिमानाच्या भरात त्याने मराठीत ग्रंथ लिहिला तो कोणासाठी व कोणत्या निकडीने, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः या ग्रंथाच्या रचनेचे रहस्य त्या प्रश्नातच आहे. ख्रिस्तपुराण हे धर्मांतर घडविण्यासाठी लिहिलेले पुस्तक नव्हे. धर्मांतर घडून गेल्यानंतर, नव्या धर्मात वाढू लागलेल्या पिढीच्या हाती काय द्यावयाचे, या विवंचनेतून ते निर्माण झाले आहे. ज्येष्ठाने कनिष्ठाकडे श्रद्धा कशी सोपवावी, हा त्याचा खरा विषय होय.

कालक्रम पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. गोव्यातील साष्टी प्रांतात जेजुइटांच्या कार्यास १५६० च्या सुमारास प्रारंभ झाला. स्टीफन्स गोव्यास उतरले ते १५७९ च्या ऑक्टोबरात. १५८३ साली कुंकळ्ळी येथे रुदोल्फ आक्वाव्हिव्हा आणि त्यांचे सहकारी जेजुइट ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. त्यापूर्वी त्या परिसरातील देवळे पाडली गेली होती, आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांनाही ठार मारण्यात आले. ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले ते १६१६ मध्ये. म्हणजे ग्रंथ श्रोत्यांपुढे आला तेव्हा साष्टीत बाप्तिस्म्याच्या प्रारंभास अर्धशतक लोटले होते. प्रथम पिढीने धर्म स्वीकारला होता, मग तो श्रद्धेने असो, लाभासाठी असो वा भयाने असो. दुसरी पिढी त्या धर्मात जन्मली होती. तिला जुन्या कथा घरातील वृद्धांच्या तोंडून अर्धवट ऐकू येत होत्या, आणि नव्या धर्माचे स्वरूप तिच्यापुढे येत होते ते पाठ करावयाच्या प्रार्थना व आज्ञा यांच्या रूपाने.

ग्रंथाच्या आरंभीची चौकट याच परिस्थितीतून आली आहे. साष्टीतील धर्मशिक्षणाच्या प्रसंगी एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीगुरूंना विनंती करतो. शिकविल्या जाणाऱ्या प्रार्थना व आज्ञा चांगल्या आहेत, हे तो मान्य करतो. परंतु पूर्वीची पुराणे आता वर्ज्य झाली आहेत, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण मराठीत का मिळू नये, असे तो विचारतो. पाद्रीगुरू संतुष्ट होतात आणि कथनास प्रारंभ करतात. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुन्या करारातील वृत्तांत येतो. दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र येते.

ही चौकट केवळ मराठी पुराणकारांच्या वक्ता-श्रोता संकेताचे अनुकरण आहे, असे म्हणून पुढे जाणे सोयीचे असले तरी योग्य नव्हे. श्रोत्याच्या विनंतीत एक तक्रार दडलेली आहे, आणि ग्रंथकाराने ती गाळलेली नाही. तक्रार अशी की, जे काढून घेतले त्याची भरपाई झालेली नाही. नियम मिळाले, कथा मिळाली नाही. बुद्धीला उत्तर मिळाले, संध्याकाळ मात्र रिकामी राहिली. पुराण हे कोकणातील समाजाला केवळ धर्मज्ञानाचे साधन नव्हते. घरातील माणसांनी एकत्र बसणे, एकाने वाचणे, इतरांनी हुंकार देणे, मुलांनी ऐकता ऐकता झोपी जाणे, या सर्व व्यवहाराचे नाव पुराण असे होते. तो व्यवहार नष्ट झाला आणि त्याच्या जागी केवळ प्रश्नोत्तरी आली, तर धर्म शाळेतील पाठासारखा होतो, घरात मुरत नाही. हे मर्म एका नवख्रिस्ती श्रोत्याच्या मुखाने बोलून दाखविणे, यात स्टीफन्स यांची शिक्षक म्हणून असलेली दृष्टी प्रकट होते.

त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाशी तुलना केल्यास हा भेद अधिक ठळक होतो. स्टीफन्स यांची ‘दौत्रिना क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूर येथेच छापली गेली. तीही संवादरूप आहे. परंतु प्रश्नोत्तरीतील प्रश्न हा खरा प्रश्न नसतो. त्याचे उत्तर विचारण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि शिकणाऱ्याने ते शब्दशः परत करावयाचे असते. पुराणातील प्रश्न यापेक्षा निराळा आहे. तो शिकणाऱ्याच्या गरजेतून उठतो आणि शिकविणाऱ्याला कामास लावतो. गुरूला नवा ग्रंथ रचावा लागतो, नवी भाषा कमवावी लागते, ओवीचा छंद आत्मसात करावा लागतो. प्रश्नोत्तरीत शिष्य गुरूच्या भाषेशी जुळवून घेतो. पुराणात गुरू शिष्याच्या भाषेशी जुळवून घेतो. श्रद्धा सोपविण्याच्या या दोन रीती एकाच व्यक्तीने, एकाच ठिकाणी, एकाच समाजासाठी अवलंबिल्या, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकीने सीमा आखली, दुसरीने त्या सीमेच्या आत राहण्याजोगे घर बांधले.

घर बांधण्याचे हे काम शब्दांपासून सुरू होते. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयाचे, परंतु क्रुस, सांत, दौत्रिन ही नावे मात्र पोर्तुगीज वळणाचीच ठेवावयाची, अशी स्टीफन्स यांची शब्दयोजना आहे. जेथे ऐकणाऱ्याच्या मनात पूर्वीपासून एक आशा होती, तेथे जुना शब्द राखला. जेथे नवी संस्था होती, तेथे नवा शब्द आणला. वैकुंठ हा शब्द ऐकताच श्रोत्याच्या मनात विष्णुलोक उभा राहणार, हे ग्रंथकारास कळत नव्हते असे मानता येत नाही. त्याने तो धोका पत्करला. जुन्या शब्दाचा अर्थ कथेच्या ओघात हळूहळू पालटेल, असा त्याचा विश्वास असावा. लिपीच्या बाबतीतही अशीच ओढ दिसते. १६०८ साली जेजुइट संघाचे प्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिव्हा यांना लिहिलेल्या पत्रात देशी लिपीत ग्रंथ छापण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती. ते साधले नाही, आणि ख्रिस्तपुराण रोमी अक्षरांत निघाले. देवनागरीतील हस्तलिखित मार्सडेन संग्रहात जस्टिन अ‍ॅबट यांनी उजेडात आणले ते विसाव्या शतकात, आणि शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली ती १९५६ मध्ये. साष्टीच्या श्रोत्यासाठी रचलेला ग्रंथ मराठी वाचकाला त्याच्या लिपीत मिळण्यास तीनशे चाळीस वर्षे लागली.

येथवर गुणांचा विचार झाला. परंतु ज्ञानेश्वरीशेजारी ठेवून पाहता या ग्रंथातील गुरुशिष्यसंबंधाची मर्यादाही दिसू लागते. ज्ञानेश्वरीत वक्ता श्रोत्यांपुढे लीन असतो. तो त्यांच्याकडे अवधान मागतो, लडिवाळपणे बोलतो, आणि श्रोत्यांच्या आस्थेनेच आपल्या वाणीला बळ येते असे मानतो. पाद्रीगुरू वत्सल आहेत, पण अधिकाराच्या आसनावरून वत्सल आहेत. ग्रंथाचा प्रश्नकर्ता आपल्यापुढे येतो तो जातीने, नावाने नव्हे. पुराणे का वर्ज्य झाली, कोणी केली, हा प्रश्न तो विचारीत नाही. वर्ज्य झाली आहेत, एवढेच गृहीत धरतो. ज्या सत्तेच्या आश्रयाने जुने ग्रंथ हिरावले गेले, तिच्याच छायेत नवा ग्रंथ दिला जात आहे, आणि देणारा ही गोष्ट उच्चारू शकत नाही. त्यामुळे भरपाईची तळमळ खरी असूनही हानीची कबुली अपुरी राहते. ख्रिस्तपुराणाच्या भावविश्वातील ही मूक जागा टीकाकाराने झाकू नये. तशीच तिच्यामुळे ग्रंथाचे सारे वात्सल्य खोटे ठरते असेही मानू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि ग्रंथाचे गांभीर्य त्या दोहोंच्या ताणातून येते.

दुसऱ्या साष्टीकडे पाहिल्यास या विवेचनास पुरावा मिळतो. मुंबई बेटाच्या उत्तरेस असलेल्या बेटालाही साष्टी हेच नाव आहे. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे त्यावरच वसली आहेत. १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्यात फ्रान्सिस्कन पंथीयांनी देवालय केले, वर टेकडीवर मठ आणि विद्यालय उभारले. अंधेरीच्या पूर्वेस कोंडिविटे येथे १५७९ मध्ये जेजुइटांनी सेंट जॉन बाप्तिस्ताचे मंदिर बांधले. तेथील भाषेतही पुराण झाले : फ्रान्सिस्कन पाद्री फ्रान्सिस्को वाझ द गिमारांइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील काव्य १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. त्याची भाषा स्टीफन्स यांच्याइतकी संस्कारित नाही. उत्तर कोकणातील बोलीचा गंध तिला आहे. वाङ्मयीन तुलनेत ते उणे ठरेल, परंतु चाळिशीच्या उपवासकाळात गावकऱ्यांना म्हणता यावे हा त्याचा हेतू ध्यानी घेतला, तर ते उणेपण गौण होते.

या उत्तर साष्टीला लवकरच कसोटीचा काळ आला. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि युरोपीय मिशनरी निघून गेले. मंडपेश्वरचा मठ ओस पडला. गुरू गेल्यावर शिष्यांचे काय झाले? ते ख्रिस्तीच राहिले. देशी धर्मगुरूंनी जमेल तेवढा भार वाहिला, आणि उरलेला घरांनी उचलला. प्रार्थना आजीने नातवाला शिकविली; गावठाणातील क्रुसापुढे सायंकाळी माणसे जमत राहिली; बाप्तिस्म्याच्या वेळी नेमलेले धर्मपिता व धर्ममाता हे नाते जन्मभर टिकले. लग्नातील उंबराच्या पाण्यासारखा विधी, जो कोणत्याही प्रश्नोत्तरीत नव्हता, तोही त्यांनी आपल्या धर्माच्या अंगणात ठेवला. १८८७ साली या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले तेव्हा त्याच्यामागे मिशनऱ्यांविना टिकलेल्या कित्येक पिढ्या होत्या. कोंडिविट्याचे मंदिर १८४० च्या सुमारास साथीमुळे सोडून द्यावे लागले आणि आज औद्योगिक वसाहतीच्या आवारात त्याचे भग्नावशेष उभे आहेत. परंतु तेथील भाविकांची वंशपरंपरा मरोळच्या वस्तीत चालू राहिली. वास्तू पडली तरी व्यवहार राहिला. ख्रिस्तपुराणातील श्रोत्याने जे मागितले होते ते हेच होते, असे म्हणता येईल.

विसाव्या शतकात याच प्रश्नाचे आणखी एक उत्तर मराठीत मिळाले, आणि ते प्रॉटेस्टंट परंपरेतून आले. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना त्यानंतर पाच वर्षे लागली. ‘स्मृतिचित्रे’त त्या वर्षांचा वृत्तांत आहे, आणि त्यातील ध्यानी घेण्याजोगी गोष्ट ही की, जातिभेद मनुष्यकृत आहे हा निर्णय लक्ष्मीबाईंनी कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर स्वतःच्या विचाराने केला. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. त्याचे बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले, आणि ग्रंथ त्यांच्याही पश्चात, १९३८ मध्ये प्रकाशित झाला. ख्रिस्तपुराणात श्रोता विनंती करतो व गुरू सांगतो. ख्रिस्तायनात ऐकणारीच अखेर सांगणारी झाली. स्टीफन्स यांच्या चौकटीत जी जागा मूक होती, ती येथे बोलू लागली. काव्यगुणांच्या दृष्टीने ख्रिस्तायन ख्रिस्तपुराणाच्या तोलाचे नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु श्रद्धा खरोखर पुढे गेली किंवा नाही याची खूण कोणती, असे विचारल्यास ती ख्रिस्तायनात अधिक स्पष्ट आहे. शिष्याने धडा परत म्हणून दाखविला, ही ती खूण नव्हे. शिष्याने अपुरा ग्रंथ आपल्या शब्दांत पुरा केला, ही ती खूण होय.

आज मुंबईच्या उपनगरांत या समाजातील पुष्कळ कुटुंबांची धर्मशिक्षणाची भाषा इंग्रजी झाली आहे. गावठाणांभोवती उंच इमारती आल्या, आणि आजीची बोली नातवाला कळेनाशी झाली. वसईच्या बाजूस मराठीतून ख्रिस्ती लेखनाची परंपरा जागती राहिली; फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हे तिचे अलीकडील मोठे फळ. पण उपनगरांतील तरुण श्रोत्याची स्थिती १६१६ च्या श्रोत्याशी विलक्षण मिळतीजुळती आहे, फरक एवढाच की या वेळी घरातील कथा कोणी वर्ज्य केलेली नाही. ती आपोआप निसटली आहे. नियम त्याला ठाऊक आहेत. ते ज्या भाषेत घरच्या माणसांनी जगून दाखविले, ती भाषा त्याच्याजवळ नाही.

म्हणून ख्रिस्तपुराणाचा अभ्यास केवळ भाषास्तुतीच्या चार ओव्यांपाशी थांबू नये. ग्रंथाच्या आरंभी एक माणूस उभा राहून काहीतरी मागतो आहे, आणि एका गुरूला आपल्या शिकवण्यात काय उणे आहे ते त्याच्याकडून कळते आहे. मराठीचा गौरव हा त्या मागणीला दिलेल्या उत्तराचा भाग होता. मागणी विसरून गौरव तेवढा पाठ केला, तर मराठी अभ्यासकही प्रश्नोत्तरीतल्या शिष्यासारखाच ठरेल.