भाषा एक, दारे अनेक : बडोद्याच्या एका प्रसंगाचे परीक्षण

परप्रांतात स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांविषयी आपल्या अहवालांतून लिहिले जाते, तेव्हा ‘तेथील मराठी मंडळी’ असा एकवचनी उल्लेख करण्याचा प्रघात पडला आहे. हा उल्लेख सोयीचा खरा. परंतु तो कितपत यथार्थ आहे, याची चिकित्सा आपण सहसा करीत नाही. आम्ही बडोद्याच्या दक्षिण भागात, मांजलपुरात राहतो. येथे कोणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा भरते, आणि नव्याने आलेल्या माणसाला चहाबरोबर पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : ‘आपण मूळचे कुठले?’ प्रश्न साधा आहे. पुष्कळदा तो प्रेमाचाही असतो. तथापि त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि ज्याला उत्तर द्यावयाचे असते त्याला तो बरोबर ऐकू येतो. त्या दडलेल्या प्रश्नाचा विचार तीन ग्रंथांच्या आधाराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर सरदार, शिलेदार, कारकून व भिक्षुक गुजराथेत आले. पुढे नाशिककडील कवळाणे गावातून दत्तक आलेल्या तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दीत (१८७५–१९३९) शिक्षक, अंमलदार व ग्रंथकार यांची त्यांत भर पडली. दांडिया बाजार व रावपुरा या वस्त्यांत मराठी इतकी रुजली की १९०९, १९२१ व १९३४ साली, आणि त्यानंतर दीर्घ काळाने २०१८ साली, मराठी साहित्य संमेलन या नगरीत भरले. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले; म्हणजे घर न सोडताच अनेक मराठी कुटुंबे परप्रांतीय ठरली. त्याच सुमारास कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, खतांचा कारखाना व मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि खानदेशातून वेगळाच मराठी माणूस येथे पोटासाठी आला. त्याच्या घरात अहिराणी बोलली जाते. दांडिया बाजारातील वाडा आणि मकरपुऱ्याकडील भाड्याची खोली यांना जोडणारी भाषा शिरगणतीत एक असली, तरी जगणे एक नाही.

ख्रिस्ती कुटुंबांचे चित्रही असेच आहे. कोणी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. त्यांना टिळकांची भजने टाळ-मृदंगाशिवाय रुचत नाहीत. कोणी नवापूरकडील; त्यांची घरची बोली मावची असून मराठी ही त्यांना शाळेने दिलेली भाषा आहे. कोणी वसईचे; त्यांच्या विवाहविधीत, पोषाखात व बोलीत शतकांची निराळी ठेव आहे. या सर्वांना ‘मराठी’ या एका शब्दात बसविले म्हणजे नोंदवही व्यवस्थित दिसते. परंतु पाळकाने नोंदवहीवर विसंबून चालत नाही.

हा अनुभव केवळ आपलाच नव्हे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश भाषेच्या वारशाच्या सर्व लोकांना ‘हिस्पॅनिक’ हे एकच नाव रूढ झाले असून १९८० च्या शिरगणतीत त्याविषयीचा प्रश्न प्रथमच सर्व घरांना विचारण्यात आला. पण त्या नावाखाली कोण कोण येते? १८४८ च्या तहाने ज्यांची भूमीच दुसऱ्या राष्ट्रात गेली त्या मेक्सिकनांचे वंशज, तसेच पुढे मजुरीसाठी सीमा ओलांडून आलेले मेक्सिकन. १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असलेले पोर्टो रिकोचे लोक. १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडून आलेले क्यूबन. मेक्सिकन भाविक ग्वादालुपेच्या मातेपुढे गुडघे टेकतो, तर क्यूबन भाविक कोब्रेच्या मातेपुढे. नाव एक, इतिहास, देवघर व जखमा मात्र वेगळ्या.

या लोकांतून उदयास आलेल्या ईश्वरविद्येतील एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे सॅन अँटोनियोचे धर्मगुरू व्हर्जिल एलिझोंडो यांचा १९८३ साली प्रसिद्ध झालेला ‘गॅलिलियन जर्नी’. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : प्रभू येशू गालीलकर होता, गालील हा सरमिसळीचा, बोलीवरून ओळखू येणारा व यरुशलेमेच्या दृष्टीने हलका प्रांत होता, आणि मनुष्य ज्याला नाकारतो त्यालाच देव आपल्या कार्यासाठी निवडतो. मेक्सिकन-अमेरिकन मनुष्य दोन्हीकडून परका ठरतो; ते परकेपणच त्याचे पाचारण होय, असे एलिझोंडो म्हणतात. या विचाराचे मोल मोठे आहे. परप्रांतात आपल्या उच्चाराची लाज वाटणाऱ्या मुलाला, आवारात बसलेल्या पेत्राची बोलीही ओळखू आली होती, हे सांगणे म्हणजे सुवार्ताच सांगणे होय.

तथापि या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्रंथकाराने उपशीर्षकात केवळ मेक्सिकन-अमेरिकनांचा निर्देश केला, हा त्याचा प्रामाणिकपणा. वाचकांनी मात्र तो विचार सर्व स्पॅनिशभाषिकांना सरसकट लावला. शिवाय, संमिश्र वंशाचा गौरव करताना त्या मिश्रणाच्या आत मूळ रहिवाशांचे व आफ्रिकन वंशाच्या लोकांचे काय झाले, हा प्रश्न मागे राहतो. पुढे त्याच परंपरेतील अभ्यासकांनी तो उपस्थित केला. एलिझोंडोंची दृष्टी समाजाच्या बाहेरील भिंतीवर खिळलेली आहे. समाजाच्या आतील भिंती त्यांच्या ग्रंथात पुरत्या दिसत नाहीत. आम्हा बडोदेकरांना त्या पाहावयाच्या असतील तर दुसरा ग्रंथ उघडला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटे आत्मकथन अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कळावे म्हणून लिहिलेले आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र लेखनाच्या बाराव्या खंडात १९९३ साली त्याचा समावेश केला. त्यातील एक प्रकरण आपल्या नगरीचे आहे. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यास आले. जिच्या राजगादीची भाषा मराठी, त्या नगरीत या मराठी विद्वानाला राहावयास जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशांच्या एका विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून निघावयास लावले. त्यांचे दोन मित्र होते : एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने घरचे गडी निघून जातील असे सांगितले. ख्रिस्ती मित्राने सांगितले की आपली पत्नी दुसऱ्या दिवशी येणार असून तिचा विचार घ्यावा लागेल. ते उत्तर केवळ मुत्सद्दीपणाचे होते, हे आंबेडकरांना मागाहून समजले. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण होते. धर्मांतरानंतर पतीचे विचार उदार झाले, पत्नीचे सोवळे मात्र तसेच राहिले. अखेर रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत त्यांनी कामाठी बागेत वेळ काढला.

या कथनाचे सामर्थ्य त्याच्या संयमात आहे. लेखक ख्रिस्ती मित्राला दूषण देत नाही. पत्नीची बाजूही एका वाक्यात समजावून सांगतो. आणखी एक गोष्ट वाचकाने लक्षात घ्यावी. बडोद्याच्या प्रकरणाअखेरीस आंबेडकर असा निष्कर्ष काढतात की जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्य. दौलताबादच्या किल्ल्यावरील १९३४ च्या प्रसंगानंतर तोच निष्कर्ष ते मुसलमानांविषयी काढतात. ख्रिस्ती लोकांविषयी मात्र असे तिसरे वाक्य त्या पुस्तिकेत नाही. ते लिहिण्याजोगा प्रसंग घडला होता. लेखकाने ते लिहिले नाही. त्या रिकाम्या जागेपुढे आपण अंतर्मुख होऊन थांबले पाहिजे. ते वाक्य आपणच आपल्याविषयी लिहावयाचे आहे, आणि ते खोटे ठरविण्याचे कामही आपलेच आहे.

येथे कोणी म्हणेल की त्या पत्नीला दोष देणे सोपे आहे. अंतःकरण बदलावयास काळ लागतो. हे खरे आहे, आणि त्याची साक्ष आपल्याच साहित्यात आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत त्यांनी आपले सोवळे कसे सांभाळले, ते मनातून कसे गळून पडले आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय कसा झाला, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी विलक्षण निर्मळपणे सांगितले आहे. परिस्थिती तीच : पती पुढे गेलेला, पत्नी जुन्या आचाराची. परिणाम मात्र वेगळा. बडोद्याच्या त्या पत्नीचे मन बदलू शकले असते की नाही, हे कळण्याचा प्रसंगच आला नाही. कारण पतीने तिचे नाव पुढे करून स्वतःचा निर्णय टाळला.

यावरून आपल्या कार्याला अत्यंत जवळचा असा एक प्रश्न उभा राहतो. मंडळीत आपण सबुरी धरतो ती कोणाच्या खर्चाने? लक्ष्मीबाईंना पाच वर्षे मिळाली हे योग्यच झाले. पण त्या दिवशी ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याच्यापाशी पाच तासांहून फारसा अधिक वेळ नव्हता. घरातील दुर्बलाला सांभाळावयाचे आणि दाराबाहेरच्याला बागेत बसवावयाचे, हिला ख्रिस्ती सबुरी म्हणता येणार नाही.

पवित्र शास्त्र याबाबत संदिग्ध नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याच्या भिन्नतेविषयी सहिष्णुता शिकवितो. केवळ शाकभाजी खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, असे सांगतो. तोच पौल अंत्युखियात केफा परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला तेव्हा त्याला सर्वांसमक्ष अडवितो. ताटात काय असावे याविषयी सहिष्णुता; शेजारी कोण बसावे याविषयी तडजोड नाही. तसेच प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हेल्लेणी विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत असल्याची कुरकुर उठली, तेव्हा ‘आपण सर्व एकच आहो’ असे सांगून प्रेषितांनी ती दडपली नाही. सात जण निवडले गेले, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी आली.

तेव्हा विविधतेचा गौरव करताना विवेक हवा. मावचीत प्रार्थना व्हावी, टाळांवर भजन व्हावे, वसईच्या वधूने आपला पोषाख मिरवावा. ही देणगी आहे, तिला एका साच्यात ओतू नये. परंतु आडनाव विचारून खोली नाकारणे, प्रीतिभोजनात विशिष्ट घरच्याच हातचे चालणे, सोयरीक ठरविताना ‘मूळचे कुठले’ याचा अर्थ जात असा असणे, यांस विविधता म्हणू नये. ते पाप आहे, आणि पापासाठी पश्चात्तापच सांगितला पाहिजे.

पाळक व धर्मशिक्षक बंधुभगिनींनी आपल्या मंडळीचे परीक्षण या कसोटीवर करावे. वाचन कोण करतो, पंचांत कोण बसतो, स्वयंपाकाला कोणाचे हात लागतात, आणि कारखान्यात नव्याने लागलेला तरुण पहिल्या रात्री कोणाच्या घरी झोपतो, हे पाहावे. विश्वामित्रीच्या काठची ती बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते. तेथे संकल्पभूमी आहे व दुरून आलेले लोक वंदन करून जातात. मांजलपुरातील आम्हा ख्रिस्ती लोकांनीही तेथे जावे. परंतु जाण्यापूर्वी आपल्या घरातील एक बिछाना पाहुण्यासाठी रिकामा आहे काय, आणि तो देण्यापूर्वी आपण काय विचारतो, हे स्वतःशी तपासून जावे.