खराटा, गाडगे आणि डोळ्यांची शिवाशिव

रोजच्या वापरातील वस्तूंच्या छायाचित्रांत सौंदर्य आणि तत्त्वज्ञान शोधण्याची रीत आता आपल्या महाविद्यालयांतही रुळली आहे. वस्तू तिच्या उपयोगापासून सोडवा, म्हणजे तिचे शुद्ध रूप दिसेल, असे विद्यार्थ्यांना सांगितले जाते. मीही काही वर्षे हेच सांगत होतो. पण वस्तू उपयोगापासून सोडवताना ती वापरणाऱ्या हातापासूनही तोडली जाते. हा हात कोणाचा, हे विचारल्याशिवाय सौंदर्याची चर्चा पुढे नेता येईल काय?

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याने १९२५ साली मेक्सिकोत शौचकूपाचे छायाचित्र घेतले. चिनी मातीच्या त्या पांढऱ्या भांड्याच्या वळणांत त्याला ग्रीक शिल्पाचे रूप दिसले. छायाचित्र देखणे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. हीन समजली जाणारी वस्तू त्याने कलेच्या पंक्तीत बसवली. परंतु आपल्या देशात शौचकूप म्हटले की डोळ्यांपुढे आधी वळण येत नाही. ते साफ करणारा माणूस येतो आणि त्याच्या मागोमाग त्याची जात येते. दोष वेस्टनचा नाही. त्याची नजर जशीच्या तशी उसनी घेऊन भारतीय वस्तूंकडे पाहणाऱ्या आमच्या समीक्षेचा आहे. स्पर्शाचा विटाळ मानणे कायद्याने गुन्हा ठरले. डोळ्यांची शिवाशिव मात्र अशा समीक्षेत सुखाने नांदते.

आपल्या घरातल्या दोन वस्तू घेऊ : खराटा आणि गाडगे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला खराटा आणि गळ्यात मडके बांधले जाई, याची आठवण बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात करून दिली. खराट्याने स्वतःच्या पावलांचे ठसे पुसायचे, थुंकी मडक्यात धरायची. आता याच दोन वस्तू गाडगेबाबांच्या छायाचित्रात पाहा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेला हा माणूस अंगावर चिंध्या, जवळ फुटके गाडगे आणि हातात खराटा घेऊन गावोगाव फिरला. दिवसा गाव झाडले, रात्री कीर्तनातून लोकांची डोकी झाडली. कमरेला बांधलेला खराटा माणसाची खूण पुसत होता. हातात घेतलेल्या खराट्याने गावाला त्याची स्वतःची घाण दाखवली. वस्तू तीच, पण हात बदलला आणि अर्थ उलटा झाला. हा अर्थ काड्यांच्या रेषांत किंवा छायाप्रकाशात कितीही शोधला तरी सापडणार नाही. तो इतिहासात आहे.

मात्र येथे सावध राहिले पाहिजे. बाबांनी खराटा आपण होऊन उचलला होता. त्यांच्या नावाने राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ पासून देशभर पुढाऱ्यांची झाडू मारतानाची छायाचित्रे झळकली. छायाचित्र निघाले की पुढाऱ्याला झाडू खाली ठेवता येतो. ज्याच्या हाती तो जातीने दिला, त्याला ती मोकळीक नाही. दोन्ही छायाचित्रांत झाडू सारखाच दिसतो. म्हणून नुसत्या दिसण्यावर विसंबणारी समीक्षा येथे फसते.

ही मोकळीक नसलेल्या माणसांकडे अकोल्यात १९६६ साली जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे वळले. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे २०१३ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत झाडू आहे, गटार आहे, कचऱ्याचा ढीग आहे. पण त्या वस्तूंबरोबर माणूसही आहे, त्याचे घर आहे. वस्तूला तिचा माणूस परत मिळाला, हे मला या छायाचित्रांचे खरे सौंदर्यमूल्य वाटते.

हे मी वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याची आई पहाटे रस्ते झाडते. तो म्हणाला, "सर, फोटो चांगले हायेत. पन फोटोले वास येत नाही ना!" काही मुले हसली. मला हसता आले नाही. माझी आईही लोकांची अंगणे झाडत असे. पदवीचा कागद हाती आल्यावर तो वास मी विसरत चाललो होतो, हे त्या एका वाक्याने माझ्या ध्यानात आणून दिले.

त्या मुलाने छायाचित्रकलेची मर्यादा सांगितली, आणि समीक्षकाचे कामही सांगितले. जे चौकटीत मावत नाही ते शब्दांनी भरून काढणे, हे ते काम. म्हणून आता मी विद्यार्थ्यांना वस्तूच्या छायाचित्रावर लिहायला सांगतो तेव्हा क्रम बदलतो. ही वस्तू कोणी बनवली, कोणी वापरली, कोणाला तिच्याजवळ येऊ दिले नाही, हे आधी लिहा. छायाप्रकाशाचे नंतर पाहू. केरसुणीला दिवाळीत लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लागते, पण शिंदीच्या पानांची ती केरसुणी बांधणारा मातंग गावाबाहेरच राहिला. या दोन गोष्टी एकाच उत्तरात लिहिणारा विद्यार्थी मला सौंदर्यशास्त्र कळलेला विद्यार्थी वाटतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी त्याच्या आईच्या खराट्यावर लिहायला सांगितले आहे. त्याने अजून लिहिलेले नाही. मी वाट पाहतो आहे.