ख्रिस्तपुराणातील शांती : एक विचार

संकटात सापडलेल्या ख्रिस्ती मनुष्यास शांती कशी लाभते, हा प्रश्न आपल्या प्रवचनांत वारंवार येतो व बहुधा फार लवकर सुटतो. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त मात्र तो इतक्या लवकर सुटत नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली राशोल येथे रोमी लिपीत छापला गेला.

ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनवितो की, आमची पूर्वीची पुराणे बंद झाली, तरी त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण द्यावे. हा प्रसंग सामान्यतः काव्याची प्रस्तावना म्हणून वाचला जातो. वस्तुतः ते एका व्यथित मनाचे मागणे आहे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली व त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना आसोळणे येथे ठार करण्यात आले. त्या येशूसंघीयांचे देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्वतः स्टीफन्स होते. दोन्ही बाजूंचे मरण पाहिलेल्या ह्या भूमीत प्रस्तुत पुराण जन्मले.

ग्रंथाचा मोठा गुण हा की, तो शांतीचे तयार सूत्र हाती देत नाही. पहिल्या पुराणात जुन्या कराराची दीर्घ कथा आहे. तारणारा प्रत्यक्ष भेटतो तो दुसऱ्या पुराणात. श्रोत्याला आधी पतन, दास्य व प्रतीक्षा ह्यांतून जावे लागते. शिवाय ओवी ही मंडळीने मिळून ऐकावयाची. तेथे कोणाचेच दुःख एकटे राहत नाही. टिपू सुलतानाच्या कैदेत (१७८४–१७९९) ह्याच पुराणाने आपल्या पूर्वजांना धीर दिला, अशी मंगळुरी ख्रिस्ती समाजात परंपरा आहे. इस्राएलाच्या बंदिवासात त्यांना स्वतःचा बंदिवास दिसला असेल, ह्यात नवल नाही.

तथापि एक उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. श्रोत्याने काय गमावले, ह्याची विचारपूस ग्रंथकार करीत नाही. जुने पुराण त्याच्या लेखी केवळ भ्रम. ज्या सत्तेने जखम केली, तिच्याच आश्रयाने आलेले हे सांत्वन त्या जखमेविषयी मौन पाळते. काव्य श्रेष्ठ असले, तरी त्यातील शांती तेवढ्यापुरती अपुरी राहते.

ही उणीव पेडणे महालातील हरमलसारख्या गावी अधिक जाणवते. हा महाल पोर्तुगीज अमलाखाली आला तो १७८८ साली. साष्टीची वाताहत त्याच्या वाट्यास आली नाही. तेथे माउंट कार्मेल मातेच्या चर्चचे लोक राहतात आणि देवळांतून दशावतारही रंगतो. समुद्र खवळला की ख्रिस्ती व हिंदू दोन्ही घरांत एकच काळजी शिरते. अशा घरी जाणाऱ्या धर्मगुरूने वा धर्मशिक्षकाने प्रथम काय बोलावे?

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू शिष्यांना शांती देतो ती विश्वासघाताच्या रात्री, आणि त्याच संभाषणात जगात क्लेश होतील हेही सांगतो. क्लेश न झाकता दिलेली शांती, हीच तिची ख्रिस्ती ओळख. म्हणून प्रथम दुःखिताची कथा पूर्ण ऐकावी. त्या दुःखात आपल्या मंडळीचा काही दोष असेल, तर तोही ऐकावा. पुराण सांगण्याची कला स्टीफन्स आपणांस शिकवितात. ऐकण्याचे उरलेले काम आपले आहे.