सहाव्या लेव्हलचा सोबती

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टोळक्याला विचारा, टेबलावर सगळ्यांत नकोसा कोण? राक्षस नाही, ड्रॅगनही नाही. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरने, लाडाने पोसलेला सोबती. खेळाडूंच्या पार्टीबरोबर चालणारा हा गृहस्थ कोडी स्वतःच सोडवतो, शेवटचा घावही स्वतःच घालतो, आणि खेळाडू हातात फासे धरून डीएमचं स्वगत ऐकत बसतात. पुणेकरांना स्वगतं ऐकायची सवय आहे, पण ती तिकीट काढून.

म्हणूनच 'ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या २०२०च्या पुस्तकातला साइडकिकचा, म्हणजे अशा सोबत्यांचा, भाग मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. दिसायला नुसते तक्ते. पण दुय्यम भूमिका कशी लिहावी, हे त्यात फार नेमकं उतरलं आहे. सोबती तीन जातीचे: एक्स्पर्ट, स्पेलकास्टर आणि वॉरिअर. त्यातला एक्स्पर्ट बघा. एरवी दुसऱ्याला मदत करायची तर आपल्या पाळीतली अख्खी ॲक्शन खर्च होते. एक्स्पर्ट मात्र हे काम वरकड बोनस ॲक्शनमध्ये उरकतो. ज्याला मदत मिळाली तो वीस बाजूंचे दोन फासे टाकतो आणि मोठा आकडा धरतो. जिथे ११ किंवा जास्त हवे असतात, तिथे शक्यता ५० टक्क्यांवरून थेट ७५वर जाते. केवढी ही ताकद! पण फासा खेळाडूच्या हातात, वार त्याचा, आरडाओरडाही त्याच्याच नावाचा. पुढे अकराव्या लेव्हलला या मदतीत सहा बाजूंच्या एका फाशाची भर पडते. म्हणजे एक्स्पर्ट मोठा होतो तोही दुसऱ्याच्या फेकीत.

वॉरिअरच्या तक्त्यात याहून बारीक कलाकुसर आहे. खेळाडूच्या फायटरला एका ॲक्शनमध्ये दोन वार करायची मुभा पाचव्या लेव्हलला मिळते, वॉरिअरला सहाव्या. फरक एका लेव्हलचाच. तेवढा काळ फायटरने मिरवून घ्यावं, मग सोबत्याने बरोबरीला यावं. सोबत्याला दुबळा ठेवून प्रश्न सुटत नाही; दुबळा सोबती म्हणजे सांभाळायचं ओझं. तो कामाचा हवा, फक्त अर्धं पाऊल मागे.

पुण्याच्या प्रेक्षकाला ही गोष्ट नवी नाही. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात पीडीए या नाट्यसंस्थेने 'घाशीराम कोतवाल' नाटकाचा पहिला प्रयोग केला. विजय तेंडुलकरांच्या संहितेतली ब्राह्मणांची रांग जब्बार पटेलांनी नाचवली, गायला लावली. पाठ फिरवली की तिचीच भिंत. मोहन आगाशेंच्या नाना फडणवीसावरून नजर हटत नाही, पण रांग काढून घ्या, नानाला वावरायला पुणंच उरत नाही. तिच्यातल्या एकानेही स्वतःकडे लक्ष ओढलं तर भिंतीला भोक पडतं.

तक्त्यात न मावणारी एक अडचण उरतेच: वेळ. प्रत्येक सोबत्यामागे लढाईत एक पाळी वाढते. चार खेळाडू आणि तीन सोबती असले की आपली पाळी येईपर्यंत चहा निवतो. आणि दोन सोबती आपसात बोलायला लागले की डीएम स्वतःशीच गप्पा मारतो; ते ऐकवत नाही. सोबती कोणी चालवायचा, याबाबत पुस्तक मोकळीक देतं: डीएमने, एखाद्या खेळाडूने किंवा सगळ्या खेळाडूंनी मिळून. मी असतो तर डीएमचं नाव यादीत शेवटी टाकलं असतं. लढाईतले फासे खेळाडूच्या हाती द्यावेत, आवाज तेवढा डीएमकडे ठेवावा, आणि तोही कुणी विचारलं तरच उघडावा. वाट कुठली धरायची असं पार्टीने विचारलं, तर सोबत्याने दोन्हीकडचे धोके सांगावेत आणि पुढे बोलू नये.